बिनगियरची म्हणतात ती सायकल

गेल्या जून महिन्यात शाळा सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील नसतील, तोच नववीतील एक विद्यार्थिनी रोज प्रार्थना संपल्यावर वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहू लागली. चपला चिखलाने माखलेल्या, केस भिजलेले आणि ऊर धपापत असलेला. बेळगावच्या पश्चिमेकडील एका खेड्यातून ती सहा किलोमीटर सायकलीने येते. उशिराचे कारण आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सर, ओढ्याजवळचा चढ काही चढवत नाही. उतरून ढकलावी लागते. माझ्या सायकलीला गियर नाही ना!"

पुढच्या आठवड्यात तिचे वडीलच शाळेत आले. "आजोबांच्या वेळची सायकल आहे सर. आता जड झाली बघा. भंगारात घालतो आणि पोरीला बसनं धाडतो," असे त्यांचे म्हणणे. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात मुलींना बसप्रवास विनामूल्य झालेला असल्यामुळे खर्चाची अडचण नव्हती. अडचण होती ती वेळेची. त्यांच्या गावाहून निघणारी बस इकडे येईपर्यंत पहिला तास अर्धा झालेला असतो, आणि नववीचा पहिला तास गणिताचा. आम्ही वडिलांना एवढेच म्हटले की, एक रविवार ती सायकल आमच्याकडे आणा, मग काय ते ठरवा. "आणतो की सर," म्हणून ते गेले. त्या रविवारी जे काही केले, मोजले आणि ताडून पाहिले, ते आपल्या वाचकांसही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

सायकल काळी, जुन्या घाटाची, आडव्या दांडीची, २८ इंची चाकांची. अशा सायकली आपल्या भागात एकेकाळी घरोघर असत. दुधाच्या किटल्या, गवताचे भारे, दळणाची पोती आणि मागे कॅरियरवर बसलेला पाहुणा, हे सारे त्यांनी निमूटपणे वाहिले आहे. घाणीचे थर पुसून पाहतो तो बिघाड असा काहीच दिसेना. चाके सरळ फिरत होती, ब्रेकचे रबर कोठे घासत नव्हते, छर्रे शाबूत होते. तरीही 'जड झाली' ही तक्रार खोटी नव्हती. मग जडपणा होता कोठे?

तो होता दात्यांच्या हिशेबात. सायकलीला गियर नाही असे आपण म्हणतो ते बरोबर नव्हे. गियर असतोच, या सायकलीला तो एकच आहे, एवढाच फरक. आणि तो एक कोणता असावा हे कारखान्यात कोणी तरी, आपल्या गावचा चढ न पाहता, ठरवून टाकलेले असते.

पुढच्या दातेरी चाकाच्या, म्हणजे दुकानात ज्याला चेनव्हील म्हणतात त्याच्या, एका दात्यावर खडूची खूण करून मुलीनेच दाते मोजले : ४४. मागचे, फ्रीव्हीलचे, भरले १८. पायडलाचा एक पूर्ण फेरा झाला की साखळीचे ४४ दुवे पुढे सरकतात. मागचे चाक तर १८ दुव्यांतच एक फेरा पुरा करते. तेव्हा ४४ ला १८ ने भागले असता मागच्या चाकाचे जवळजवळ २.४४ फेरे होतात. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २ मीटर २३ सेंटिमीटर. गुणाकार केला की पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल ५.४६ मीटर पुढे जाते असे निघते. आम्ही अंगणात टेप पसरून पाहिले. टायर दबल्यामुळे दोन-तीन बोटे कमी पडली, बाकी हिशेब चोख उतरला.

माणसाला हा हिशेब सुचण्यापूर्वी सायकलीचे रूप निराळेच होते. १८७० नंतरच्या दशकात इंग्लंडात जी उंच सायकल चालत असे, तिची पायडले थेट पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेली होती. साखळी नाहीच. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा असेल तर चाक मोठे करावे, हा एकच उपाय; आणि ते किती मोठे करावयाचे याला मर्यादा चालविणाऱ्याच्या पायाच्या लांबीची. लांब टांगांचा गृहस्थ ६० इंची चाकावर बसे; आखूड टांगांच्याने ५० इंचीवर समाधान मानावे. आणि पडला तर डोक्यावरच! १८८५ साली कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची सायकल पुढे आणली. तिची पायडले दोन चाकांच्या मध्ये, बसणाऱ्याचे पाय जमिनीच्या जवळ, आणि ओढ साखळीने मागच्या चाकाला. आपल्या ओळखीच्या सायकलीची वंशपरंपरा येथून चालू होते. चाक लहान राहिले, पण दात्यांच्या बळावर ते मोठ्या चाकासारखे धावू लागले.

इंग्रज सायकलस्वार जुनी मोजणी मात्र विसरले नाहीत. आपला गियर ते उंच चाकाच्या इंचांतच सांगत राहिले, आणि ही रीत अजूनही चालू आहे. २८ ला ४४ ने गुणून १८ ने भागले तर उत्तर ६८ येते. याचा अर्थ असा की, आमची ही विद्यार्थिनी, तिच्या ध्यानीमनी नसता, ६८ इंच उंचीचे, म्हणजे जवळजवळ पावणेसहा फुटांचे, चाक फिरवीत शाळेला येत होती! हे ऐकून तिने एकदा सायकलीकडे आणि एकदा वडिलांच्या उंचीकडे पाहिले.

मोठे चाक लांब नेते हे खरे, परंतु तो लाभ फुकटचा नसतो. ज्यांनी विहिरीवरचा रहाट ओढला आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. रहाटाचा रूळ जाड असला तर दोर भराभर गुंडाळला जातो, पण घागर जड लागते; रूळ बारीक असला तर फेरे जास्त घ्यावे लागतात, पण घागर हलकी वाटते. पाणी तेवढेच आणि विहीरही तेवढीच खोल. कष्टांची वाटणी तेवढी बदलते. सायकलीचे ४४ आणि १८ दाते म्हणजे जाड रूळ. सपाट रस्त्यावर मोठ्या माणसाने मिनिटाला ६० फेरे मारले, तर या गियरवर तो ताशी वीस किलोमीटरच्या आसपास जातो. अशा माणसाकरिता अशी निवड वावगी नाही. दप्तर घेतलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला ओढ्याच्या चढावर ती मानवेल काय, हा प्रश्न वेगळा.

तो चढ मग आम्ही मोजलाच. गवंडी लोक पातळी पाहण्याकरिता पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, ती उसनी आणली. ओढ्यावरच्या मोरीपासून वरच्या वळणापर्यंत दोनशे मीटर रस्ता, आणि तेवढ्यात उंची वाढते सुमारे दहा मीटर. म्हणजे वीस मीटरला एक मीटर. डोळ्यांना हा चढ काही फार वाटत नाही. मोटारीतून जाणाऱ्यास तर तो जाणवतही नाही. आता जोराचा हिशेब. मुलीचे वजन ४५ किलो, सायकल २० किलो, दप्तर, डबा व पाण्याची बाटली मिळून ५ किलो : एकूण ७०. वीसास एक या चढावर या ७० किलोंचा विसावा भाग, म्हणजे साडेतीन किलो वजनाइतका जोर, सायकलीस मागे ओढीत असतो. टायर, छर्रे व साखळी यांच्या घर्षणाचा पाऊण किलोच्या आसपास जमेस धरला, की झाला सव्वाचार किलोंच्या आतबाहेर. एवढाच?

एवढाच, पण तो रस्त्यावर, पायडलावर नव्हे. या सायकलीच्या क्रँकची लांबी साडेसोळा सेंटिमीटर. तेव्हा पायडलाच्या एका फेऱ्यात पाय जेमतेम १ मीटर ४ सेंटिमीटर फिरतो, आणि तेवढ्यात सायकल ५.४६ मीटर जाते. पायाच्या सव्वापाच पट. अंतर सव्वापाच पट मिळाले तर जोरही सव्वापाच पट द्यावा लागणार. चार-सव्वाचारचे झाले बावीस किलो. त्यातही आपण पायडल खाली दाबतो, ते क्रँक आडवा असतानाच काय ते पुरते कामी येते. क्रँक अगदी वर किंवा अगदी खाली असता दाबलेला जोर वाया जातो. सरासरीने शंभरातले चौसष्टच भाग उपयोगी पडतात. हे सगळे धरून प्रत्येक पायाने सुमारे ३५ किलोंचा दाब द्यावा लागतो. ज्या मुलीचे स्वतःचे वजनच ४५ किलो, तिने प्रत्येक पावलागणिक ३५ किलोंचा दाब देत दोनशे मीटर चढावयाचे, आणि तेही पावसात! ती उतरून ढकलीत होती यात नवल नव्हते. अर्ध्यापर्यंत चढत होती याचेच नवल वाटावे. चढ बारास एक असा तीव्र असता तर हाच दाब ५४ किलोंवर गेला असता. मग पायडलावर उभी राहून सगळा देह टाकला तरी चाक हलले नसते.

उपाय दोन होते. पुढचे दाते कमी करावे किंवा मागचे वाढवावे. पुढचे चेनव्हील क्रँकसकट बदलावे लागते, म्हणून ते खर्चाचे. मागचे फ्रीव्हील मात्र नुसते पेचावर बसविलेले असते. ते काढून त्याच पेचाचे जास्त दात्यांचे बसविता येते. दुकानदार म्हणाला, "बावीसचं? ते आता कोण मागतंय सर!" तरी त्याने माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला, आणि त्यात धूळ खात पडलेले २२ दात्यांचे फ्रीव्हील निघाले. खर्च एका टायरपेक्षा कमी आला. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : चार दाते वाढले की साखळीही अपुरी पडते. साखळी फ्रीव्हीलला अर्धाच वेढा घालीत असल्यामुळे चारांचे निम्मे, म्हणजे दोन दुवे वाढवावे लागतात. साखळीचा प्रत्येक दुवा अर्ध्या इंचाचा. तेव्हा एक इंचाचा जोड पुरला.

आता ४४ ला २२ ने भागा : बरोबर दोन. पावणेसहा फुटांचे चाक ५६ इंचांवर आले. पायडलाच्या एका फेऱ्यात आता ४.४७ मीटर अंतर, आणि त्याच चढावर पायाखालचा दाब ३५ वरून २८ किलोंवर. प्रत्येक पावलास सात किलो कमी! चढावर पूर्वी ३७ फेरे लागत, ते आता ४५ लागतात. ३७ ला ३५ ने गुणा आणि ४५ ला २८ ने गुणा. दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखीच येतील. कष्ट कमी झाले नाहीत, ते तिच्या पायांना पेलतील असे वाटून दिले, इतकेच. घरापासून शाळेपर्यंत पूर्वी अकराशे फेरे होत, ते आता साडेतेराशेच्या घरात गेले. सपाटीवर तिला पाय थोडे चपळ हलवावे लागतात. सोमवारी ती प्रार्थनेला रांगेत उभी होती.

एका गियरच्या या अडचणीने जगातले नामांकित सायकलपटूही एकेकाळी हैराण झाले होते. फ्रान्सची प्रसिद्ध सायकल शर्यत, टूर द फ्रान्स, १९०३ साली सुरू झाली. धावता-धावता गियर बदलणारी यंत्रे पुढे निघाली, तरी शर्यतीचे चालक त्यांना कित्येक वर्षे मज्जाव करीत. त्यांची मोकळीक मिळाली ती १९३७ साली. तोपर्यंत स्वारांची युक्ती अशी, की मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस निरनिराळ्या दात्यांची चक्रे बसवावयाची. पिरिनीज किंवा आल्प्स पर्वताचा चढ लागला की खाली उतरावे, चाक काढावे, उलटे फिरवून पुन्हा बसवावे आणि चढावयास लागावे. शिखरावर पोहोचले की पुन्हा तोच खटाटोप. कडाक्याच्या थंडीत बधिर बोटांनी हे करणारांच्या चिकाटीचे आम्हांस फार कौतुक वाटते. मज्जाव करणाऱ्या चालकांच्या हट्टाचे मात्र नाही.

बंदिस्त धावपट्टीवरच्या शर्यतींत आजही एकच गियर असतो. तासाभरात एकट्याने जास्तीत जास्त किती अंतर कापता येते याचा एक विख्यात विक्रम आहे. १९७२ साली मेक्सिको शहरात बेल्जियमच्या एडी मर्क्स याने ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले, ते पुढे ५२ आणि मागे १४ दाते लावून. २०२२ साली इटलीच्या फिलिप्पो गान्ना याने स्वित्झर्लंडमध्ये ५६.७९२ किलोमीटर गाठले. त्याच्या पुढच्या चक्राला दाते होते ६५, मागे १४ च. आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातील सायकलपटूंनी राष्ट्रीय स्पर्धांत नाव मिळविले आहे. तेथल्या मुलांना हे आकडे तोंडपाठ असतील. इतरांनी गुणाकार-भागाकार करून पाहावा.

या धावपट्टीवरच्या सायकलींत आणि आपल्या सायकलीत आणखी एक भेद आहे. तो जाणून न घेतल्यामुळे आमच्या एका माजी विद्यार्थ्यावर प्रसंग ओढवला, म्हणून तो सविस्तर सांगतो. आपल्या फ्रीव्हीलच्या पोटात बारीक तारेच्या स्प्रिंगवर बसविलेल्या दोन लहान पोलादी खिट्या असतात. पायडल पुढे मारले की त्या आतल्या दात्यांत अडकून चाक ओढतात. पाय थांबविले की दात्यांवरून घसरत टिकटिक आवाज करतात. म्हणून उतारावर आपण पाय स्थिर ठेवून मजेत बसू शकतो. धावपट्टीवरच्या सायकलीला या खिट्या नसतात. मागचे चक्र चाकाशी एकजीव. चाक फिरते तोवर पायडलही फिरणारच. तीत पायाने उलटा दाब देऊन वेग कमी करता येतो. पहिल्यावहिल्या साखळीच्या सायकली अशाच होत्या. उतारावर स्वार पाय पायडलांवरून उचलून पुढच्या फोर्कवरच्या खुंट्यांवर टेकवीत असत. आता अशी सायकल परदेशांतील शहरांत, आणि आपल्याकडेही काही ठिकाणी, शौकाची वस्तू म्हणून पुन्हा आली आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्याने मोबाइलवर असे स्वार पाहिले, आणि आपली सायकल तशीच करावयाची असे त्याच्या मनाने घेतले. त्याने फ्रीव्हील वेल्डिंग करून घट्ट करून घेतले, आणि सायकल देखणी दिसावी म्हणून दोन्ही ब्रेक काढून टाकले. दोन-चार दिवस सपाटीवर सगळे झकास चालले. मग मामाच्या गावाहून येताना एक लांब उतार लागला. त्याने वेग आवरण्यासाठी पायडले उलटी दाबली, आणि फ्रीव्हील चाकावरून उलगडू लागले. असे का झाले? फ्रीव्हील ज्या पेचावर बसते तो पुढे पायडल मारताना आवळत जाणारा असतो. अर्थातच उलटा जोर दिला की तो सैल होतो. धावपट्टीच्या सायकलीच्या हबवर यासाठी दुसरा, उलट्या आट्यांचा पेच असतो आणि त्यावर चक्राला रोखून धरणारे कडे बसविलेले असते. वेल्डिंग केलेल्या फ्रीव्हीलला ते कडे कोठून असणार? एका क्षणात त्याच्या पायाखाली काहीच उरले नाही, आणि हाताखाली तर त्याने आधीच काही ठेवले नव्हते. तो उसाच्या फडाच्या बांधावर जाऊन आदळला. गळ्याजवळचे हाड मोडले, दीड महिना हात झोळीत राहिला, आणि सहामाही परीक्षा बुडाली. त्याने हे आम्हांस स्वतः सांगितले, आणि लिहावयासही परवानगी दिली. ज्यांना पुढेमागे खरी धावपट्टीची सायकल मिळेल, त्यांनीही रस्त्यावर निदान पुढचा ब्रेक ठेवल्याशिवाय पाऊल उचलू नये. वळणावर ती फार कलवू नये. पायडल थांबत नसल्यामुळे ते जमिनीस टेकून सायकल उलथते. शाळेच्या वाटेसाठी फ्रीव्हील आणि दोन चालते ब्रेक यांपरते काही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चालविण्याच्या पद्धतीविषयी थोडेसे. आपल्याकडे बहुतेक मुले सीट फार खाली ठेवतात, म्हणजे दोन्ही पाय जमिनीला पोहोचावेत. त्याने गुडघे दुमडलेले राहतात आणि जोर फुकट जातो. टाच पायडलावर ठेवून पायडल तळाशी नेले असता पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. मग चालविताना टाचेऐवजी पायाचा चवडा पायडलावर ठेवला की गुडघा किंचित वाकतो, तेवढे पुरे. एका गियरच्या सायकलीवर चढ येतो तो मोरीपाशी नव्हे, तर पन्नास मीटर अलीकडेच येतो असे समजावे, आणि तेथूनच गती घ्यावी. गती मोडत आली की मगच सीटवरून उठावे. चढावर नागमोडी चालविण्याची खोड मात्र मागून येणाऱ्या टेम्पोपुढे जिवावर बेतू शकते; त्यापेक्षा उतरलेले बरे.

साखळी झिजली की लांबते. बारा इंची पट्टी लावून पाहावी. नव्या साखळीचे २४ दुवे बरोबर बारा इंच भरतात. पट्टीबाहेर इंचाचा आठवा भाग गेला तर साखळी बदलावी, नाही तर ती दाते खाऊ लागते. पावसाळ्यात फ्रीव्हीलमध्ये चिखल जाऊन खिट्या चिकटतात आणि पायडल एकाएकी रिकामे फिरते. तेव्हा ते रॉकेलने किंवा डिझेलने धुवावे आणि आत पातळ तेल सोडावे. ग्रीस भरू नये. खिट्या त्यात आणखीच रुततात.

दिवाळीच्या सुटीनंतर ती विद्यार्थिनी पुन्हा आमच्याकडे आली. आता वारा फिरला होता. पावसाळ्यात घरी जाताना समोरून येणारा वारा हिवाळ्यात पाठीमागून येतो, आणि ओढ्याकडे जाणारा तोच रस्ता तेव्हा उतार. "सर, घरी जाताना पाय पुरत नाहीत. नुसते भरभर फिरतात. वीसचं बसवलं तर?" आम्ही फळ्याकडे बोट दाखविले. तिने स्वतःच भागाकार केला : एका फेऱ्यात ४.९२ मीटर. चढावरचा दाबही तिने काढला, एकतीस किलोंच्या आसपास. आता तिच्या पायांत पहिल्यापेक्षा ताकद आली आहे, तेव्हा तेवढा पेलेल असे तिचे म्हणणे. वडील म्हणतात, पुढचा पाऊस होईतो बावीसच राहू दे. दुकानदाराने वीसचे फ्रीव्हील डब्यात बाजूला काढून ठेवले आहे.